मॉड्यूल आत ठेवायचं की बाहेर सोडायचं: नावापासून टोकनपर्यंत

तारखा वाचणारा, लॉग लिहिणारा किंवा सही तपासणारा एखादा कोड दोन प्रोजेक्टमध्ये चिकटवून झाला, की तिसऱ्या वेळी कुणीतरी म्हणतंच, ‘याचं वेगळं मॉड्यूल करू या.’ मॉड्यूल करणं हे अर्ध्या दिवसाचं काम. डोकेदुखी त्यानंतर सुरू होते: ते ठेवायचं कुठे आणि बाकीच्या प्रोजेक्टनी आणायचं कुठून?

बहुतेक जण हा प्रश्न ‘कोड कुणाला दिसावा’ असा घेतात. पॅकेज मॅनेजरला, म्हणजे मॉड्यूल उतरवून प्रोजेक्टला जोडणाऱ्या साधनाला, त्यात काडीचाही रस नसतो. त्याच्या हातात एक नाव आणि व्हर्जनची अट पडते, आणि हे नाव कोणत्या सर्व्हरला विचारायचं एवढंच तो ठरवतो. चुकीच्या सर्व्हरला विचारलं गेलं, की तुमचा कोड आत सुरक्षित असूनही बिल्डमध्ये परक्याचा कोड येऊन बसतो. म्हणून इथला क्रम असा: आधी नाव, मग त्या नावाचं पॅकेज कुठून आणायचं याचा नियम, मग टोकन (सर्व्हरला ओळख पटवणारी किल्ली), आणि प्रकाशन सगळ्यात शेवटी. बाकी सगळं चुकलं तर दुरुस्त करता येतं. प्रकाशन मागे घेता येत नाही, निदान पूर्णपणे तरी नाही.

रजिस्ट्री खरंच लागते का?

रजिस्ट्री म्हणजे तयार पॅकेजेस व्हर्जननुसार साठवून मागणाऱ्याला देणारा सर्व्हर. मॉड्यूल वापरणारे सगळे एकाच रेपोत (कोडच्या एकाच गिट साठ्यात) असतील तर रजिस्ट्रीच्या भानगडीत पडू नका. एनपीएम, यार्न, पीएनपीएम (हे तिन्ही जावास्क्रिप्टचे पॅकेज मॅनेजर) आणि कार्गो (रस्ट भाषेचा) या सगळ्यांत वर्कस्पेस, म्हणजे एका रेपोत अनेक मॉड्यूल जोडून ठेवायची सोय, आहे, आणि गो भाषेत १.१८ पासून गो.वर्क फाइल आहे. मॉड्यूल आणि ते वापरणारा कोड एकाच कमिटमध्ये बदलतो, व्हर्जन नंबरची कटकट उरत नाही. फक्त त्या मॉड्यूलच्या पॅकेज.जेसनमध्ये ‘प्रायव्हेट: ट्रू’ आणि कार्गो.टॉमलमध्ये ‘पब्लिश = फॉल्स’ ही ओळ पहिल्याच दिवशी लिहा. मग कुणी चुकून पब्लिशची कमांड मारली तरी ती तिथल्या तिथे नकार देते. पायथनमध्ये असा थेट खटका नाही, पण ‘प्रायव्हेट :: डू नॉट अपलोड’ हा क्लासिफायर (पॅकेजच्या माहितीतला शिक्का) टाकला की पायपीआय, म्हणजे पायथनची सार्वजनिक रजिस्ट्री, ते पॅकेज स्वीकारत नाही. एक ओळ लिहायला दहा सेकंद लागतात, आणि आत ठेवण्याच्या सगळ्या उपायांत हाच सगळ्यात स्वस्त.

रेपो दोन-तीन असतील तर गिट डिपेंडन्सी, म्हणजे रजिस्ट्रीऐवजी थेट गिट रेपोचा पत्ता देणं, पुरते. यात फांदीचं (ब्रँचचं) नाव कधीही देऊ नका. आज बिल्ड झालेला कोड उद्या त्याच नावाने वेगळा असेल. टॅग बरा, पण टॅगही हलवता येतो. पूर्ण कमिट हॅश (त्या नेमक्या कमिटची न बदलणारी खूण) दिला की विषय संपला.

गिट डिपेंडन्सीची मर्यादा मात्र लवकर जाणवते. एनपीएममध्ये असं पॅकेज तयार होऊन येत नाही. त्यात प्रिपेअर स्क्रिप्ट असेल तर पॅकेजच्या डेव्ह-डिपेंडन्सींसकट (फक्त ते पॅकेज घडवायला लागणाऱ्या) सगळं वापरणाऱ्याच्या मशीनवर उतरतं आणि तिथेच बिल्ड होतं. बिल्ड रेंगाळते, कधी फुटते, आणि दोष भलत्याच प्रोजेक्टच्या माथी जातो. रस्टमध्ये त्रास वेगळा. ‘अ’ आणि ‘ब’ या दोन क्रेटनी (क्रेट म्हणजे रस्टचं पॅकेज) तिसरं ‘क’ क्रेट दोन वेगळ्या कमिटवरून घेतलं, तर कार्गोच्या दृष्टीने ती दोन स्वतंत्र क्रेट होतात. मग कंपायलर सांगतो की एका प्रकारचं मूल्य हवं होतं, मिळालं दुसऱ्या प्रकारचं, आणि दोन्ही प्रकारांचं नाव अक्षरशः एकच छापतो. अशा वेळी कोडकडे बघत बसू नका. ‘कार्गो ट्री --डुप्लिकेट्स’ चालवा, दोन प्रती समोर येतील.

वापरणारे चार-पाच रेपो झाले, किंवा ‘१.४ च्या वरचं कुठलंही चालेल’ अशी रेंज द्यायची गरज पडली, की खासगी रजिस्ट्री घ्या. गिट डिपेंडन्सीला रेंज नीट समजत नाही, आणि रेंज नसेल तर दोन मॉड्यूलचं एका व्हर्जनवर एकमत होत नाही.

नाव: सगळ्यात आधी, आणि बाहेरही आपलंच

एनपीएममध्ये आतल्या मॉड्यूलला स्कोपशिवाय (नावाआधीच्या ‘@कंपनी/’ अशा भागाशिवाय) नाव देणं ही पुढे महागात पडणारी चूक. ‘लॉग-हेल्पर’ असं सुटं नाव सार्वजनिक रजिस्ट्रीवर उद्या कुणीही घेऊ शकतं. ‘@कंपनी/लॉग-हेल्पर’ हे नाव त्या स्कोपचा मालकच घेऊ शकतो. अट एकच: स्कोप सार्वजनिक रजिस्ट्रीवरही तुमच्या नावावर हवा. तिथे काहीही प्रकाशित करायचं नसलं तरी तो आजच नोंदवून ठेवा. फक्त सार्वजनिक पॅकेजेस ठेवणाऱ्या ऑर्गनायझेशनला एनपीएमवर पैसे पडत नाहीत.

इथे एक गोष्ट नंतर फार छळते, ती आधीच सांगतो. एनपीएमच्या सेटिंगमध्ये एक स्कोप एकाच रजिस्ट्रीला जोडता येतो. ‘@कंपनी’ हा स्कोप आतल्या रजिस्ट्रीकडे वळवला, आणि वर्षभराने त्याच स्कोपखाली एक पॅकेज सार्वजनिक केलं, तर बाहेरच्यांना ते मिळेल आणि तुमच्याच टीमला ४०४ (‘सापडलं नाही’) मिळेल. त्यामुळे सुरुवातीलाच दोन स्कोप घ्या. एक बाहेर दिसणाऱ्या पॅकेजेससाठी, एक फक्त आतल्यांसाठी, समजा ‘@कंपनी’ आणि ‘@कंपनी-आतलं’. मग नाव वाचताच कळतं की हे पॅकेज कुठलं, आणि रिव्ह्यू करणाऱ्यालाही चूक डोळ्याने दिसते.

गोमध्ये मॉड्यूलचं नाव म्हणजेच त्याचा पत्ता. गिट होस्टचा थेट पत्ता देण्याऐवजी आपल्या डोमेनवरचा पत्ता द्या आणि तिथे ‘गो-इम्पोर्ट’ हा मेटा टॅग असलेलं एक साधं पान ठेवा. पुढे गिट होस्ट बदलला तरी इम्पोर्टच्या ओळींना हात लावावा लागत नाही. मोबदल्यात डोमेनचं नूतनीकरण चुकवायचं नाही. डोमेन गेलं की त्या पत्त्यावरून नवीन व्हर्जन देण्याचा अधिकारही गेला.

मॅव्हन सेंट्रलवर (जावाची सार्वजनिक रजिस्ट्री) ग्रुप आयडी, म्हणजे नावाचा पहिला भाग, उलट्या डोमेनचा असतो आणि डीएनएसमध्ये टीएक्सटी रेकॉर्ड टाकून मालकी सिद्ध करावी लागते. इथे नावाची चोरी अवघड आहे. पायथनची गोष्ट नेमकी उलटी: पायपीआयवर पॅकेजच्या नावांना स्कोप नाहीत. ‘कंपनी-’ असा उपसर्ग लावणं वाचायला बरं, पण ते संरक्षण नव्हे. तो उपसर्ग कुणीही लावू शकतो. रिकामं पॅकेज टाकून नाव अडवून ठेवणंही पायपीआयच्या नियमात बसत नाही. तिथे सगळी भिस्त पुढच्या पायरीवर.

एका नावाला एकच दार

२०२१ च्या फेब्रुवारीत एका सुरक्षा संशोधकाने दाखवून दिलं की ॲपल, मायक्रोसॉफ्ट, पेपॅल यांच्यासह ३५ हून अधिक कंपन्यांच्या आतल्या यंत्रणांत आपला कोड चालवता येतो. त्यासाठी फार काही करावं लागलं नाही. त्या कंपन्यांच्या खासगी पॅकेजेसची नावं शोधायची आणि त्याच नावांची पॅकेजेस सार्वजनिक रजिस्ट्रीवर टाकायची. याला ‘डिपेंडन्सी कन्फ्यूजन’ म्हणतात. नावं सापडतात कुठे? वेबसाइटवर दिलेल्या जावास्क्रिप्ट बंडलमध्ये, सार्वजनिक रेपोत राहून गेलेल्या पॅकेज.जेसनमध्ये, एरर लॉगमध्ये.

पिपमध्ये, म्हणजे पायथनच्या पॅकेज मॅनेजरमध्ये, हे कसं घडतं ते पायरीपायरीने बघू. आतल्या सर्व्हरवर ‘कंपनी-ऑथ’चं १.४.० आहे. कुणीतरी रिक्वायरमेंट्स फाइलच्या वर ‘--एक्स्ट्रा-इंडेक्स-यूआरएल’ देऊन आतला सर्व्हर जोडतो. समज असा की पिप आधी आत बघेल, नाही मिळालं तर बाहेर. पिप असं करत नाही. तो दोन्हीकडची यादी गोळा करतो, एकत्र ओततो आणि अटीत बसणारं सगळ्यात मोठं व्हर्जन उचलतो. पायपीआयवर कुणी त्याच नावाने ९९.०.० टाकलं असेल तर तेच येतं. त्यातून सोर्स पॅकेज असेल तर इन्स्टॉल होतानाच त्यातली स्क्रिप्ट चालते. तुमचा कोड इम्पोर्ट होण्याचीही वाट बघावी लागत नाही. २०२२ च्या डिसेंबरमध्ये पायटॉर्च या मशीन लर्निंग लायब्ररीच्या नाइटली बिल्डला (रोज निघणाऱ्या चाचणी आवृत्तीला) याच वाटेने फटका बसला. ‘टॉर्चट्रायटन’ ही त्यांच्या स्वतःच्या इंडेक्सवरची डिपेंडन्सी. त्याच नावाचं दुसरं पॅकेज पायपीआयवर आलं, आणि २५ ते ३० डिसेंबरच्या दरम्यान ज्यांनी लिनक्सवर पिपने नाइटली इन्स्टॉल केलं त्यांच्याकडे ते उतरलं.

उपाय: ‘एक्स्ट्रा’ हा पर्याय कायमचा सोडा. ‘--इंडेक्स-यूआरएल’ एकच द्या, तो आतल्या सर्व्हरचा, आणि सार्वजनिक पॅकेजेस त्या सर्व्हरनेच बाहेरून आणून द्यावीत. डेव्हपीआय (पायथनसाठीचा आतला रजिस्ट्री सर्व्हर) वापरत असाल तर एखादं नाव आतल्या इंडेक्सवर असताना तो मूळ वागणुकीतच बाहेरची व्हर्जन त्यात मिसळत नाही. पिपऐवजी यूव्ही हा पॅकेज मॅनेजर वापरत असाल तर तो मुळात पहिल्या ज्या इंडेक्सवर नाव सापडेल तिथेच थांबतो. तरीही आतल्या इंडेक्सला ‘एक्सप्लिसिट’ करून प्रत्येक खासगी पॅकेज त्याला नावानिशी बांधा. शिवाय लॉकफाइलमध्ये (ठरलेल्या नेमक्या व्हर्जनची नोंद ठेवणाऱ्या फाइलमध्ये) हॅश, म्हणजे पॅकेजच्या मजकुराचा ठसा, असू द्या. पिपमध्ये ‘--रिक्वायर-हॅशेस’ दिलं की हॅश न जुळणारी फाइल तो घेतच नाही.

एनपीएमसाठी प्रोजेक्टच्या एनपीएमआरसी या सेटिंग फाइलमध्ये ‘@कंपनी-आतलं:रजिस्ट्री=’ आणि पुढे आतल्या सर्व्हरचा पत्ता, एवढी एकच ओळ. ही फाइल कमिट करा. प्रत्येकाच्या होम फोल्डरमध्ये वेगवेगळी सेटिंग ठेवली की नव्या माणसाच्या लॅपटॉपवर ती हमखास नसते.

आतला सर्व्हर कोणता? छोट्या टीमला व्हर्डाचिओ पुरेसा आहे. तो एका नोड प्रोसेसवर चालतो आणि मूळ सेटिंगमध्ये ४८७३ पोर्टवर ऐकतो. पण त्याची मूळ सेटिंग जशीच्या तशी ठेवू नका. त्यात सगळ्या स्कोपना ‘प्रॉक्सी: एनपीएमजेएस’ लावलेलं असतं. म्हणजे तुमच्या खासगी नावाची चौकशीही बाहेर जाते आणि तिकडे सापडलेली व्हर्जन आतल्यांत मिसळतात. पॅकेजेसच्या विभागात सगळ्यात वर आपल्या स्कोपसाठी वेगळा नियम लिहा आणि त्यात प्रॉक्सीची ओळ ठेवू नका. ‘सगळ्यात वर’ हे महत्त्वाचं, कारण वरून खाली जाताना जुळणारा पहिला नियम लागू होतो. नेक्सस किंवा आर्टिफॅक्टरी हे मोठे रजिस्ट्री सर्व्हर असतील तर हेच काम नेक्ससमध्ये प्रॉक्सी रेपोवर राउटिंग रूल लावून होतं, आर्टिफॅक्टरीत रिमोट रेपोवर एक्सक्लूड पॅटर्न देऊन. जावाच्या ग्रेडल या बिल्ड साधनामध्ये ‘एक्सक्लूसिव्ह कंटेंट’ वापरून तुमचा ग्रुप आयडी फक्त आतल्या रेपोतूनच यावा असं सांगता येतं.

गोचा पेच थोडा निराळा. १.१३ पासून गो मूळ सेटिंगमध्ये आधी गूगलच्या मॉड्यूल प्रॉक्सीला विचारतो, तिथे नसेल तर थेट गिटकडे जातो, आणि मिळालेल्या कोडचा चेकसम (मजकुराचा ठसा) सार्वजनिक चेकसम डेटाबेसशी ताडून बघतो. खासगी मॉड्यूल तिथे असणार कुठून? मग ‘व्हेरिफाइंग मॉड्यूल’ म्हणत ४०४ किंवा ४१० दाखवून बिल्ड थांबते. यावर ‘गोसमडीबी’ (हा डेटाबेस तपासण्याची सेटिंग) सरळ बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. त्याने तुमच्याच नव्हे, जगातल्या सगळ्या मॉड्यूलची तपासणी बंद होते. बरोबर उपाय म्हणजे ‘गोप्रायव्हेट’ या व्हेरिएबलमध्ये फक्त आपल्या पत्त्याचा पॅटर्न देणं. ते दिलं की तेवढ्या मॉड्यूलसाठी प्रॉक्सी आणि चेकसम डेटाबेस दोन्ही वगळले जातात, आणि खासगी मॉड्यूलची नावं बाहेरच्या सर्व्हरच्या लॉगमध्ये जाणंही थांबतं. स्वतःचा अथेन्ससारखा प्रॉक्सी चालवत असाल तर ‘गोप्रॉक्सी’मध्ये त्याचा पत्ता देऊन ‘गोनोप्रॉक्सी’ला ‘नन’ द्या. नाहीतर खासगी मॉड्यूलसाठी तुमचा स्वतःचा प्रॉक्सीही टाळला जाईल.

त्यानंतरची पुढची ठेच: ‘युजरनेम वाचता आलं नाही, टर्मिनल प्रॉम्प्ट बंद आहेत’ अशा अर्थाचा एरर. गो पाठीमागे गिटला एचटीटीपीएसने पाठवतो आणि गिटला पासवर्ड विचारायला जागा नसते. लॅपटॉपवर गिटच्या कॉन्फिगमध्ये ‘इन्स्टेड-ऑफ’ नियम लिहून तो पत्ता एसएसएचकडे वळवा. सीआयमध्ये (आपोआप बिल्ड करणाऱ्या यंत्रणेत) नेटआरसी फाइलमधून टोकन द्या.

टोकन आणि ४०४ चं कोडं

खासगी पॅकेज इन्स्टॉल होत नाही आणि ४०४ दिसतो, तेव्हा नव्वद टक्के लोक नावाचं स्पेलिंग तपासायला लागतात. ते पॅकेज अस्तित्वात आहे हेसुद्धा परक्याला कळू नये म्हणून बऱ्याच रजिस्ट्री परवानगी नसेल तर ४०१ (‘ओळख पटली नाही’) ऐवजी ४०४ देतात. आधी ‘एनपीएम हू-ॲम-आय’ त्याच रजिस्ट्रीचा पत्ता देऊन चालवा. उत्तर आलं नाही तर दोष टोकनचा. गिटहब पॅकेजेसच्या एनपीएम रजिस्ट्रीवर तर सार्वजनिक पॅकेज उतरवायलाही टोकन लागतं, हे माहीत नसेल तर माणूस तासभर चक्रावतो. एडब्ल्यूएस कोडआर्टिफॅक्टचं टोकन जास्तीत जास्त १२ तास टिकतं. काल चालणारी बिल्ड आज सकाळी बंद पडली, तर कारण बहुधा हेच.

टोकन दोन प्रकारची ठेवा आणि त्यांची सरमिसळ होऊ देऊ नका. इन्स्टॉलसाठी फक्त वाचण्याचं, ते सगळ्या सीआय जॉबना. प्रकाशनाचं फक्त रिलीजच्या जॉबला. त्याहून बरं म्हणजे प्रकाशनाचं कायमचं टोकन ठेवायचंच नाही. पायपीआयवर २०२३ पासून आणि आता एनपीएमवरही ‘ट्रस्टेड पब्लिशिंग’ आहे: ठरवून दिलेल्या रेपोतल्या ठरवून दिलेल्या वर्कफ्लोला त्या वेळेपुरतं टोकन मिळतं. चोरण्यासारखं काही पडूनच राहत नाही.

एनपीएमआरसीमध्ये टोकन थेट लिहू नका, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचं नाव लिहा. डॉकरमध्ये कंटेनर इमेज बनवताना टोकन ‘आर्ग’ने (बिल्डला दिलेल्या मूल्याने) देणं ही फार प्रचलित चूक. ‘डॉकर हिस्टरी’ चालवली की ते स्वच्छ वाचता येतं, मग इमेजच्या पुढच्या लेयरमध्ये (थरात) फाइल पुसली असली तरी. डॉकरच्याच बिल्डकिटचा सीक्रेट माउंट वापरा. ती फाइल त्या एका ‘रन’पुरती दिसते आणि कुठल्याच लेयरमध्ये उरत नाही.

आतल्या रजिस्ट्रीवर एकदा टाकलेलं व्हर्जन त्याच नंबरने पुन्हा टाकता येणार नाही अशी सेटिंग करा. नेक्ससमध्ये तिला ‘डिसेबल रिडिप्लॉय’ म्हणतात. ‘एकच ओळ बदलली, नंबर कशाला वाढवायचा’ हा मोह सगळ्यांना होतो. लॉकफाइलमधला हॅश जुळत नाही म्हणून दुसऱ्याची बिल्ड पडते, आणि त्याला बिचाऱ्याला कारण कुठून कळणार.

बाहेर सोडण्याआधी

पहिलं काम डिपेंडन्सीचं झाड तपासणं. सार्वजनिक होणाऱ्या मॉड्यूलच्या पोटात एक जरी खासगी नाव असलं तरी बाहेरच्याला ते इन्स्टॉल होणार नाही. रजिस्ट्री तुम्हाला थांबवेल या भरवशावर राहू नका, प्रत्येकीची शिस्त वेगळी आहे. क्रेट्स.आयओ (रस्टची सार्वजनिक रजिस्ट्री) फक्त गिटवर असलेली डिपेंडन्सी नाकारतं. पायपीआय थेट यूआरएल दिलेली डिपेंडन्सी नाकारतं. एनपीएम काहीच विचारत नाही: प्रकाशन सुखरूप होतं आणि पहिला वापरकर्ता ४०४ वर आपटतो. गोमध्ये ‘रिप्लेस’ ओळ फसवते. ती फक्त मुख्य मॉड्यूलमध्ये लागू होते. तुमच्या मशीनवर रिप्लेसमुळे सगळं चालतं, आणि तेच मॉड्यूल दुसऱ्याने डिपेंडन्सी म्हणून घेतलं की त्या ओळीकडे दुर्लक्ष होतं.

खासगी डिपेंडन्सी सापडली तर तीन वाटा आहेत. तीही सार्वजनिक करायची, तर खालून वर, म्हणजे ती आधी. लहान असेल, दोन-तीन फंक्शन, तर कोड सरळ आत घ्यायचा. कंपनीच्या यंत्रणेशी बांधलेली असेल, उदाहरणार्थ आतला लॉग सर्व्हर, तर सार्वजनिक मॉड्यूलमध्ये फक्त इंटरफेस ठेवायचा आणि खरी अंमलबजावणी आतल्या मॉड्यूलमधून द्यायची. बहुतेक वेळा तिसरी वाटच टिकते.

दुसरं, पॅकेजमध्ये नेमकं काय चाललंय ते डोळ्यांनी बघा. ‘एनपीएम पॅक --ड्राय-रन’ सगळ्या फाइल्सची यादी छापतं, ‘कार्गो पॅकेज --लिस्ट’ तेच करतं, पायथनमध्ये बिल्ड करून टारबॉल उघडा. सोर्स टारबॉल (मूळ कोडचा गठ्ठा) आणि व्हील (इन्स्टॉलसाठी तयार पॅकेज) दोन्ही उघडा, कारण त्यांतला मजकूर सारखा नसतो आणि नको ती फाइल बहुधा टारबॉलमध्ये सापडते. एनपीएममध्ये नको त्या फाइल्स वगळण्यापेक्षा पॅकेज.जेसनच्या ‘फाइल्स’मध्ये हव्या त्याच लिहा. एनपीएमइग्नोर या वगळायच्या फाइल्सच्या यादीचा एक छुपा सापळा आहे: ती फाइल त्या फोल्डरमध्ये आली की गिटइग्नोर विचारात घेतलं जात नाही. गिटइग्नोरमध्ये पासवर्डची ‘.एन्व्ह’ फाइल वगळलेली होती, कुणीतरी फक्त टेस्टचा फोल्डर गाळायला एनपीएमइग्नोर बनवली, आणि ‘.एन्व्ह’ पॅकेजमध्ये गेली. यादीत ‘.मॅप’ फाइल्स दिसल्या तर त्याही उघडून बघा. सोर्स मॅपमध्ये मूळ कोड टिप्पण्यांसकट भरलेला असू शकतो.

तिसरं, रेपोही उघडा करायचा असेल तर इतिहास. आजच्या फाइल्स स्वच्छ असून भागत नाही, दोन वर्षांपूर्वीच्या कमिटमधली किल्ली तितकीच वाचता येते. गिटलीक्स किंवा ट्रफलहॉग ही गुपितं शोधणारी साधनं पूर्ण इतिहासावर चालवा. काही सापडलं तर किल्ली आधी बदला, इतिहास नंतर धुवा. ‘गिट फिल्टर-रेपो’ने इतिहास पुन्हा लिहिता येतो, पण जुन्या प्रोजेक्टसाठी एका नव्या कमिटने कोरा रेपो सुरू करणं जास्त सुरक्षित. ‘ब्लेम’ (कोणती ओळ कुणी लिहिली याची नोंद) हरवतो, झोप हरवत नाही. टेस्टमधला खऱ्या ग्राहकांचा डेटा आणि टिप्पण्यांमधली आतल्या सर्व्हरची नावं कुठलंच स्कॅनर पकडत नाही. ती माणसानेच वाचायची.

लॉकफाइलही उघडा. एनपीएमच्या लॉकफाइलमध्ये प्रत्येक पॅकेज कुठून उतरवलं तो पूर्ण पत्ता असतो. तिथे आतल्या सर्व्हरचं नाव असेल तर एक तर ते जगाला दिसतं, आणि वर बाहेरच्या माणसाचं ‘एनपीएम सीआय’ न सापडणाऱ्या होस्टवर अडकतं. सार्वजनिक रजिस्ट्री लावून लॉकफाइल नव्याने तयार करा.

लायसन्सचं थोडक्यात: लायसन्स फाइल नसेल तर कोड उघडा असूनही कुणाला तो वापरण्याचा हक्क मिळत नाही. एमआयटी घ्या, अपाचे २.० घ्या, पण फाइल ठेवा. कोड कंपनीच्या वेळेत लिहिलेला असेल तर लेखी परवानगी आधी.

व्हर्जनबद्दल माझं मत ठाम आहे. आतलं नाव आणि बाहेरचं नाव वेगळं असेल तर नव्याने सुरू करा. नाव तेच ठेवणार असाल तर आतल्या शेवटच्या नंबरच्या पुढचा घ्या. एकाच नावाचं २.३.० दोन रजिस्ट्रींवर वेगळ्या मजकुराचं असलं, तर एनपीएम ‘ई-इंटिग्रिटी’ एरर देऊन थांबतं, आणि तेही कुणाकडे थांबतं, कुणाकडे नाही, हे कॅशवर अवलंबून. ०.१.० पासून सुरुवात केली तर एवढं लक्षात असू द्या की कॅरेट चिन्ह तिथे वेगळं वागतं: ^०.२.३ म्हणजे ०.३.० च्या आतलंच, तर ^१.२.३ म्हणजे २.०.० च्या आतलं सगळं.

शेवटी रंगीत तालीम. पायथनला टेस्टपायपीआय आहे. एनपीएमला लोकल व्हर्डाचिओ पुरतो. कुठलंही टोकन, एनपीएमआरसी किंवा नेटआरसी नसलेला कोरा कंटेनर सुरू करा, पॅकेज इन्स्टॉल करा, एक ओळीचा इम्पोर्ट चालवा. ज्याच्या लॅपटॉपवर सगळी टोकन आहेत त्याच्याकडे चालणं हा काही पुरावा नव्हे.

प्रकाशन, आणि चुकलं तर

एनपीएमवर स्कोप असलेलं पॅकेज पहिल्यांदा टाकताना ‘--ॲक्सेस पब्लिक’ द्यावं लागतं. नाही दिलं तर ते खासगी समजलं जातं आणि पैसे भरलेलं खातं नसेल तर ४०२ (‘आधी पैसे भरा’) येतो. हीच गोष्ट पॅकेज.जेसनच्या ‘पब्लिशकॉन्फिग’मध्ये लिहून ठेवली की दरवेळी आठवावी लागत नाही. आतल्या पॅकेजमध्ये याच जागी आतल्या रजिस्ट्रीचा पत्ता लिहा, म्हणजे ते चुकून बाहेर जाणार नाही. पायथन पॅकेज चढवणाऱ्या ट्वाइनला रजिस्ट्रीचा पत्ता सांगितला नाही तर तो सरळ पायपीआयकडे जातो, तेव्हा खासगी पायथन पॅकेजच्या स्क्रिप्टमध्ये पत्ता उघड लिहिलेला असू द्या.

चुकीचं काही गेलंच, तर कुठे काय हातात आहे? २०१६ च्या मार्चमध्ये ‘लेफ्ट-पॅड’ हे ११ ओळींचं पॅकेज मालकाने काढून टाकलं आणि जगभरच्या बिल्ड पडल्या. त्यानंतर एनपीएमने काढण्याचे नियम आवळले. पहिल्या ७२ तासांत, दुसरं कुठलं पॅकेज त्यावर अवलंबून नसेल तर, काढता येतं. त्यानंतर आणखी अटी: आदल्या आठवड्यात ३०० पेक्षा कमी डाउनलोड आणि एकच मालक. काढलं तरी तोच व्हर्जन नंबर पुन्हा वापरता येत नाही. पायपीआयवर पुसलेल्या फाइलचं नाव पुन्हा चालत नाही, म्हणून पुसण्यापेक्षा ‘यँक’ करा. नेमकं तेच व्हर्जन मागणाऱ्याला ते मिळत राहतं, रेंजवाल्यांना मिळत नाही. क्रेट्स.आयओवरही नेहमीची वाट यँकचीच. गोमध्ये प्रॉक्सीने एकदा घेतलेलं व्हर्जन तिथे राहतं. टॅग हलवून दुरुस्तीचा प्रयत्न केला तर वापरणाऱ्यांना चेकसम जुळत नसल्याचा सुरक्षा एरर दिसतो. पुढचं व्हर्जन काढा आणि त्याच्या गो.मॉडमध्ये चुकलेल्या नंबरसाठी ‘रिट्रॅक्ट’ लिहा. मॅव्हन सेंट्रलवर गेलेलं काढता येत नाही.

यातल्या कुठल्याही कमांडने गुपित परत गुपित होत नाही. मिरर आणि कॅश मिनिटांत प्रती करतात. गुपित गेलं असेल तर किल्ली बदलणं हे पहिलं काम, पॅकेज काढणं दुसरं.

सार्वजनिक झाल्यावर आतल्या टीमनेही तेच पॅकेज वापरायचं. आतली वेगळी प्रत जगवत ठेवली की सहा महिन्यांत दोन मॉड्यूल होतात आणि प्रत्येक दुरुस्ती दोनदा करावी लागते. जुन्या खासगी नावाचं एक शेवटचं व्हर्जन काढा, ज्यात नवीन सार्वजनिक पॅकेज फक्त पुढे एक्सपोर्ट केलेलं असेल, आणि ‘एनपीएम डेप्रिकेट’ने त्याला नव्या नावाचा संदेश लावा. इन्स्टॉल करणाऱ्याला तो पिवळ्या ओळीत दिसतो. जुनी व्हर्जन आतल्या रजिस्ट्रीवरून लगेच पुसू नका. सगळ्या रेपोंच्या लॉकफाइलमध्ये जुनं नाव शोधा, शेवटचा उल्लेख जाईपर्यंत ती तिथेच राहू द्या.